आधी विंचरणं, मग अंघोळ

३ मार्च

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. ऑपरेशन नीट झालं, गुडघा जागेवर आहे आणि मीही. फोन केला असता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारी नोकरी कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, त्याचा वचपा आता माझे कान काढतायत. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. त्यापेक्षा पत्र बरं. त्यात कोणी "हॅलो, हॅलो" करत नाही.

मुद्द्याचं म्हणजे झिपरी. निघायच्या गडबडीत तिचं काहीच नीट सांगितलं नाही. ती दिसते मूठभर, पण केस तिच्या दुप्पट. दोन दिवस हात लावला नाही की गाठी धरतात. रोज उन्हं उतरली की माझ्या खिडकीतल्या खुर्चीत बस आणि तिला मांडीवर घे. कंगवा लगेच उचलू नकोस. आधी बोटांनी चाचप. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांचा तो जो पायजमा आहे ना, त्यात. गाठी तिथे लपून बसतात. गाठ सापडली की चिमूटभर मक्याचं पीठ चोळून बोटांनी सैल करायची आणि मग कंगवा, तोही टोकाकडून. मुळाकडून ओढलंस तर ती चावणार नाही, पण तुझ्याकडे अशी बघेल की तुझी तुलाच लाज वाटेल. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून ओला कापूस फिरव. डोक्यावरचे केस गोळा करून मऊ रबराने शेंडी बांध, नाहीतर बाईसाहेब भिंतीला धडकतात आणि भिंतीवरच भुंकतात.

आणि आता हे नीट वाच. आधी विंचरणं, मग अंघोळ. एक गाठ जरी शिल्लक असली तरी अंगाला पाणी लावायचं नाही. तू केसांतली जाणकार, तुला मी काय सांगणार! पण सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

दुसरी गोष्ट. थोरला आणि थोरली सून मागे लागलेत की आता कायमचं इथेच राहा. इथे लिफ्ट आहे, हॉस्पिटल रस्त्यापलीकडे आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. नाही ते फक्त कुत्रं, कारण या इमारतीत प्राण्यांना बंदी आहे. मी म्हटलं, महिनाअखेरीला डॉक्टर पाय तपासतील तेव्हा सांगते. खरं म्हणजे माझं काही ठरत नाही. गुडघा काय म्हणतो ते बघायचं, आणि तिकडे तुमचं कसं चाललंय तेही बघायचं.

धाकट्याला म्हणावं, वेळेवर जेव.

तुझी,
आई


९ मार्च

आई,

नमस्कार. हा नमस्कार मी जमिनीवर पालथं पडून करते आहे, कारण झिपरी पलंगाखाली आहे आणि कंगवा तिच्या तोंडात.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी कामाला लागले. तुमच्या खुर्चीत बसले, तिला मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, सगळं तुम्ही सांगितलं तसं. कानामागे एक गाठ सापडली. ती सोडवेपर्यंत हिने दुसऱ्या कानामागे दुसरी करून ठेवली. मग तुमच्या चिरंजीवांना बोलावलं. त्यांनी पुढचे पाय धरले, मी मागचे, आणि मधली झिपरी कोणाच्याच हातात राहिली नाही. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणारा हा माणूस, पण सोफ्यामागे अडकलेलं एक कुत्रं त्यांना काढता आलं नाही. शेवटी बिस्किटावर तह झाला. पोटाखालचं राहिलं, पायजम्याचं राहिलं. शेंडी मात्र अशी झकास बांधली की पार्लरमध्ये आलेल्या नवरीने विचारलं, "मला अशी बांधून मिळेल का?"

आता एक लहानशी गोष्ट, रागावू नका. तुम्ही म्हणता, आधी विंचरणं, मग अंघोळ. आमच्या धंद्यात हे नेमकं उलटं असतं. बाई आली की आधी केस धुवायचे, कंडिशनर चोळायचा, केस मऊसूत झाले की कंगवा आपोआप खाली सरकतो. कोरड्या गुंत्यात कंगवा घातला तर केस तुटतात आणि बाईही तुटून पडते. इतकी वर्षं मी हेच करते आहे, आणि एकही गिऱ्हाईक गुंता घेऊन घरी गेलेलं नाही. झिपरी तरी काय, एक लहानशी बाईच. रविवारी पार्लर बंद असतं, तेव्हा तिला केस धुवायच्या बेसिनपाशी घेते. भारीतला शाम्पू काढलाय. तुम्ही परत बघाल तेव्हा ओळखणार नाही.

इकडची काळजी अजिबात करू नका. आमचं मस्त चाललंय. तुम्ही तिकडे निवांत राहा, हवे तितके दिवस राहा.

तुमची,
सूनबाई


१५ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी एकदा हसले आणि एकदा खुर्चीतून उठले. उठायला मला किती वेळ लागतो, त्यावरून काय ते समज. अंघोळ घातली नसलीस तर घालू नकोस. घातली असलीस तर कशी झाली ते लगेच लिही, आणि फोटो पाठव. सबंध अंगाचा पाठव, नुसत्या शेंडीचा नको.

माझं म्हणशील तर मजेत आहे. सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी येते. मला "आजी, अजून थोडं, अजून थोडं" म्हणत व्हरांड्यातून फिरवते, आणि थोडं संपतच नाही. थोरला आणि थोरली सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दोघंही माझं फार करतात. थोरली निघायच्या आधी पाण्याचा तांब्या, औषधं, चष्मा, सगळं हाताशी मांडून ठेवते, इतकं की मला दिवसभर कशासाठी उठायलाच लागत नाही. घर मोठं आहे, स्वच्छ आहे. एवढं स्वच्छ की सांडायला काही हाताला लागत नाही.

हवे तितके दिवस राहा म्हणालीस, ते वाचलं.

पायजम्याचं राहिलं म्हणतेस, ते राहू देऊ नकोस. तिथली गाठ सगळ्यात लबाड.

आई


२४ मार्च

आई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. लग्नांची गर्दी होती. इकडे हवा छान आहे. पार्लरला नवा आरसा बसवला, त्यात बाया दोन वर्षांनी लहान दिसतात, म्हणून सगळ्या खूश आहेत. समोरच्या शिंप्याने दुकानाला निळा रंग दिला. कोपऱ्यावरचा दिवा दुरुस्त झाला. तुमच्या चिरंजीवांना सर्दी झाली होती, ती गेली. कुंडीतल्या गुलाबाला कळी आली आहे.

झिपरीची अंघोळ झाली. म्हणजे अगदी झालीच.

आता तिला विंचरायला मला अजिबात वेळ लागत नाही. कंगवा कुठे अडकतच नाही. तुम्ही असताना घरभर केस व्हायचे ना, आता शोधून एक सापडायचा नाही. शेंडीचीही गरज उरलेली नाही, तिला सगळं स्वच्छ दिसतं, तेव्हापासून भिंतीवर भुंकलेली नाही. फोटो पाठवते आहे. टॉवेलात गुंडाळलेली आहे, कारण काढला तेव्हा जरा गारवा होता. नाक मात्र छान आलंय.

तुमची आठवण काढून ती रडत असेल अशी काळजी मनात आणू नका. मुळीच रडत नाही. पोटभर जेवते, गाढ झोपते, अगदी रुळली आहे. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा आणि पायाकडे लक्ष द्या.

तुमची,
सूनबाई


३० मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. फोटो मिळाला. टॉवेल छान आहे.

पत्र दोनतीनदा वाचलं. मला तिला विंचरायला सगळी संध्याकाळ लागायची. तुला वेळच लागत नाही म्हणतेस. हाताला गुण असतो, तो तुझ्या हाताला आहे, हे मी मोकळेपणी मान्य करते. माझीच पद्धत चुकीची होती म्हणायची. सात वर्षं मी उगाचच त्या पोरीला गाठी सोडवायला धरून ठेवत होते. ती रुळली हे वाचून बरं वाटलं. कुत्रं माणसासारखं कुढत बसत नाही, हे त्याचं शहाणपण.

काल डॉक्टरांनी पाय तपासला. छान आहे म्हणाले, कुठेही राहा, फक्त पडू नका. मग मी ठरवून टाकलं. इथेच राहते. तुमचं माझ्यावाचून अडत नाही, थोरल्याची इच्छा आहे, मग मी तरी का अडवून धरू? थोरल्याने लगेच खोलीला रंग द्यायला माणूस सांगितला. कोणता रंग विचारत होता, मी म्हटलं तुला आवडेल तो.

माझी खोली तू पार्लरला घे. एका खुर्चीवर तुझी किती ओढाताण होते ते मी बघत आले आहे. मधली भिंत काढलीत तर दुसरी खुर्ची आरामात बसेल. माझी खिडकीतली खुर्चीही तुलाच ठेव, तिचा उजवा हात हलतो, तेवढा धाकट्याकडून ठोकून घे. झिपरी आता तुझीच.

येता रविवार सोडून पुढच्या रविवारी थोरला गाडी घेऊन येईल. माझे कपडे, शाली, औषधांचा डबा आणि कपाटातला रेडिओ एवढं बांधून ठेव. भांड्यांतलं काही नको, इथे सगळं आहे.

मजेत राहा. मीही मजेत आहे.

आई


३ एप्रिल

आई,

नमस्कार नंतर. आधी हे वाचा. मी काहीही बांधून ठेवणार नाही. कपडे नाही, रेडिओ नाही, वाटी-चमचासुद्धा नाही. मी तुम्हाला खोटं लिहिलं.

झिपरीच्या अंगावर आता केस नाहीत.

त्या रविवारी मी पार्लरचं दार लावून घेतलं, तिला बेसिनपाशी उभी केली आणि पोटाखालच्या, पायजम्यातल्या गाठी तशाच असताना पाणी सोडलं. भारीतला शाम्पू, त्यावर कंडिशनर. वास असा सुटला की मी स्वतःवरच खूश. मग टॉवेलने खसाखसा पुसलं आणि गरम हवेचं मशीन लावलं. आई, बायकांचे केस वाळताना सुटत जातात. हिचे केस वाळताना एकमेकांना घट्ट धरायला लागले. कानामागची गाठ काखेतल्या गाठीला जाऊन मिळाली, पोटाखालून पलीकडची आली, आणि बघता बघता झिपरी अंगावर घोंगडी शिवून घेतल्यासारखी उभी. कंगवा घातला तो रुतलाच. ओढला तर कंगव्याबरोबर कुत्रंच पुढे आलं. तेव्हा मला तुमचं मक्याचं पीठ आठवलं. मी मूठभर घेऊन चोळलं. आतून सगळं ओलं होतं, आई. त्याची खळ झाली.

आता हसू नका, मी तेव्हा रडत होते.

दोन दिवस गिऱ्हाइकं परत पाठवून बोटांनी सोडवत बसले. एक गाठ सुटली की तिच्याखाली तिची आई. मग झिपरी खाजवायला लागली, कातडी आतून ओढली जात होती, पाय टाकताना ती कण्हायला लागली. तिला उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे विंचरायचं राहिलेलं नाही, सगळं उतरवा. केस ठेवायची हौस तुमची आहे, दुखतंय तिला." मी म्हटलं, "सासूबाई काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "केस परत येतात. आणि कुत्र्याला आरसा लागत नाही." त्या स्वतः करायला तयार होत्या, पण झिपरी त्यांच्या टेबलावर इतकी थरथरत होती की मी म्हटलं, मी घरीच करते.

तुमच्या खुर्चीत बसून केलं. पार्लरचं केस कापायचं मशीन आधी नुसतंच चालू करून शेजारी ठेवलं, आवाजाची भीती मोडेपर्यंत. मग कातडी ताणून धरून, मशीन आडवं धरून, पाठीवरून सुरुवात केली. पातं तापलं की कातडी भाजते, म्हणून सारखी माझ्या मनगटाला लावून बघत होते. काखेत आणि मांडीच्या घडीत मशीन नाही, गोल टोकाची कात्री. एक ओरखडा उठू दिला नाही. शेवटी सगळं एकसंध निघालं, पायजम्यासकट. पायाशी एक झिपरी पडलेली आणि मांडीवर दुसरी, एवढीशी, गुलाबी पोटाची, दोरीसारख्या शेपटीची. ती उठली, अंग झाडलं, आणि कितीतरी दिवसांनी घरभर धावली.

संध्याकाळी तुमचे चिरंजीव आले आणि दारातच थबकले. "हे कोणाचं कुत्रं? आपलं कुठाय?" मी रडायला लागले. ते हसायला लागले. मला बघून गप्प झाले, तिला बघून परत हसले. त्या दिवशी आमच्या घरात कोणी काय करावं ते कोणालाच समजत नव्हतं.

आणि आई, मला तिचं तोंड पहिल्यांदाच दिसलं. एका डोळ्यावर बारीकशी काळी भुवई आहे, दुसऱ्यावर नाही. त्यामुळे ती सतत "असं कसं?" विचारते आहे असं वाटतं. तुम्हाला माहीत होतं?

आता खोटं का लिहिलं ते सांगते. तुमचे चिरंजीव म्हणाले, आईचे टाके ओले आहेत, तिला घोर लागेल असं काही लिहू नकोस. आणि कधी येणार असंही विचारू नकोस, तिला वाटेल आपल्याला तिच्या पायाची फिकीर नाही. मी दोन्ही पाळलं. शिवाय लाज वाटली. केसांचा धंदा माझा, तुम्ही इतकं बजावून सांगितलेलं, आणि मीच शहाणपणा करायला गेले. म्हणून "मस्त चाललंय, मस्त चाललंय" लिहीत राहिले, आणि तुम्ही ते खरं धरून रंगाऱ्याला बोलावलंत!

ती तुमची आठवण काढत नाही हे तर धादांत खोटं. रोज उन्हं उतरली की ती कंगवा तोंडात धरून तुमच्या खुर्चीपाशी जाते. विंचरायला अंगावर केस नाही. तरी कंगवा खाली ठेवते आणि दाराकडे तोंड करून बसते. मी मांडीवर घेतलं तर बसते, माझं मन मोडत नाही. पण कान दाराकडेच असतात.

आणि आठवण ती एकटीच काढते असं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी आत येऊन "आई, चहा टाकू?" असं ओरडते आणि मग तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून इतकी वर्षं मोठ्याने बोलले, आता हळू बोलणंच विसरले आहे, पार्लरमधल्या बाया दचकतात. एकटीपुरता चहा मला करता येत नाही. कधी कपभर जास्त होतो, कधी नकोच वाटतो. मला दुसरी खुर्ची नको, आई. भिंत असू दे. भिंतीपलीकडे तुम्ही हव्या आहात.

न्हाणीघरात दांडा आम्ही केव्हाच बसवलाय. लिफ्टमधला आहे, चिरंजीवांनी कारखान्यातून आणला. आम्ही दोघांनी त्याला लटकून बघितलं, हलत नाही. तुम्ही आल्यावर दाखवायचा म्हणून सांगितलं नव्हतं.

आता तुम्हाला तिकडेच बरं वाटत असेल तर मी काही म्हणणार नाही. पण माझ्या पत्रांमुळे राहत असाल तर ती फाडून टाका. भाऊजींची गाडी सामान न्यायला आली तर मी दारात आडवी पडेन, झिपरीला शेजारी घेऊन.

तुमची,
सूनबाई


७ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, घरात कोणी नव्हतं म्हणून. "त्याची खळ झाली" इथपर्यंत आले आणि इतकी हसले की शेजारीणबाई बेल वाजवून बघायला आल्या. त्यांना वाटलं, म्हातारी पडली. त्यांनाही वाचून दाखवलं. मग आम्ही दोघी हसलो. मग कंगव्याचं आलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही जा.

मला कळायला हवं होतं. एक्स्चेंजमध्ये नुसत्या आवाजावरून ओळखायचे कोण थापा मारतंय ते. आणि तू "घरात शोधून एक केस सापडत नाही" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंस, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. त्या पत्रात मला एकच दिसलं, की माझी आता गरज उरलेली नाही. तुझी ती सगळी आनंदाची पत्रं वाचून मी रडले, बाई. आणि हे रडगाणं आलं तेव्हापासून चेहऱ्यावरचं हसू जात नाही, थोरली सारखी विचारते आहे काय झालं.

मीही काही कमी नाही. मजेत आहे, मजेत आहे लिहीत होते. खरं सांगू? इथल्या बैठकीत एक गालिचा आहे, त्याला लांब झालर. उन्हं उतरली की माझे हात कसेतरीच व्हायचे, म्हणून मी तिथे खुर्ची ओढून माझ्या कंगव्याने ती झालर विंचरत बसायची. टोकाकडून. परवा थोरलीने विचारलं, "आई, ही झालर एवढी सरळ कशी झाली?" मी म्हटलं, "चांगल्या प्रतीची असेल."

काल रात्रीच्या जेवणानंतर दोघांना सांगितलं. थोरला रागावला. "एका कुत्र्यासाठी तू आम्हाला सोडून जाणार?" म्हणाला. मी म्हटलं, "कुत्र्यासाठी नाही. तिथे माझ्यावाचून अडतं, आणि कुठेतरी आपल्यावाचून अडावं असं मला अजून वाटतं." मग थोरली, जी कधी आम्हा दोघांच्या मध्ये पडत नाही, ती त्याला म्हणाली, "जाऊ दे त्यांना. इतके दिवस झाले, अजून त्या पाण्याचा ग्लास घेताना मला विचारतात." थोरल्याने मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, कारण दोघांनी काही कमी केलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ झालेत त्याचे, मला माहीतच नव्हतं. दर दोन महिन्यांनी आठ दिवस इथे यायचं कबूल केलंय, आणि ते मी पाळणार आहे. रंगाऱ्याला परत पाठवलं नाही. खोलीला माझ्या आवडीचा पिवळा रंग लावा म्हटलं.

आता तुझ्याबद्दल. अंघोळीत चुकलीस ते चुकलीसच, त्यावर मी आल्यावर दोन दिवस बोलणार आहे, तयारी ठेव. पण त्या लहानशा जिवाला दुखतंय म्हटल्यावर तू माझ्या रागाचा विचार बाजूला ठेवलास आणि मशीन हातात घेतलंस. माझ्याकडून ते झालं नसतं. मी केसांच्या मोहापायी आणखी चार दिवस तिला छळलं असतं. एक ओरखडा नाही म्हणतेस. पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघत होतीस, हे वाचून मला काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही. दुपारच्या उन्हात तिला नेऊ नकोस, कातडी पोळेल. गार वाटलं तर माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून तिला घाल.

भुवईचं माहीत नव्हतं. सात वर्षं रोज मांडीवर घेतलं, डोळे पुसले, आणि केसांखालचं तोंड पाहिलं नाही म्हणायचं.

गाडी रविवारीच निघेल, दुपारी पोचू. थोरला सामान न्यायला येत नाही, पोचवायला येतो आहे, आणि त्यातलं सगळ्यात अवजड सामान मी. दारात आडवी पडू नकोस, उभी राहा, आणि झिपरीला कडेवर घे. या गुडघ्याने मला खाली वाकता येत नाही, त्यामुळे तुम्हा दोघींना एकदमच जवळ घ्यावं लागणार आहे.

तुझी,
आई